मागून आमचे हे येतील

विषय : शेतकरी आठवडे बाजारात भाजी न मिळणेबाबत.
संदर्भ : १) कन्या साधना हिचा दूरध्वनी. २) चिमाबाई, भाजीविक्रेती, यांचे तोंडी निवेदन.

१

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आवक-जावक लिपिक होतो. आलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा, गेलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा आणि मधल्या काळात कागदाचं जे काही होतं त्याच्याशी आपला संबंध नाही असं वागायचं, हे माझं काम. ते मी चोख केलं. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, यांच्या टेबलावर कधी काही अडकलं नाही. खरं आहे. जे अडकलं ते पुढच्या टेबलांवर.

माझी मुलगी साधना कॅनडात एडमंटनला असते. यंदा जानेवारीत ती तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली. तिकडे उणे सव्वीस होतं. आमच्या निगडी प्राधिकरणात सगळे स्वेटर घालून फिरत होते आणि ही घरात पंखा लावून बसायची.

तिची आई, म्हणजे माझी बायको शालन, दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये कोविडने गेली. विमानं बंद होती, साधनाला येता आलं नाही. त्या दिवशी फोनवर ती फार रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "अण्णा, तुम्ही आईचा चेहरा पाहिलात ना?" मी हो म्हणालो. त्यानंतर विमानं सुरू झाली, पण ती आली नाही. आता पावणेचार वर्षांनी आली होती आणि तिला सुट्टीत एकच गोष्ट करायची होती.

"आई दर रविवारी फोनवर बाजार सांगायची," ती म्हणाली. "मंगळवारी निगडी, बुधवारी सौदागर, गुरुवारी ताथवडे, शनिवारी चाकण. कुठे काय चांगलं मिळतं, कोण मापात मारतं. मला ते सगळे बघायचेत. तिच्याच क्रमाने."

हे बाजार म्हणजे शेतकऱ्यांनी थेट येऊन लावलेले हिरव्या मंडपातले ओटे. शालन असताना आम्ही दोघं जायचो. पद्धत ठरलेली होती. ती पुढे उतरायची, मी स्कूटर लावायला जागा शोधायचो. मी पोचेपर्यंत तिची खरेदी झालेली असायची, आणि ते माहीत नसल्यामुळे मी त्याच भाज्या पुन्हा घ्यायचो. घरी मेथीच्या चार जुड्या निघाल्या की जे व्हायचं ते इथे नमूद करत नाही. शेवटी तिने सगळ्या विक्रेत्यांना सांगून ठेवलं : मागून आमचे हे येतील, त्यांना काही देऊ नका.

ती गेल्यावर मी एकदाही बाजारात गेलो नव्हतो. भाजी मोबाइलवरून मागवत होतो.

मंगळवारी चार वाजता आम्ही निगडीच्या बाजारात शिरलो. तिसऱ्या ओट्यावर चिमाबाई होत्या. मावळातल्या, सत्तरीच्या, तपकिरीच्या वासाच्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या भाऊसाहेब! लई वर्सांनी."

"दोन जुड्या मेथी द्या."

"न्हाई द्यायची."

"का?"

"बाई सांगून गेल्यात न्हवं. मागून आमचे हे येतील, काय देऊ नगा. घरात दोन दोन हुतंय."

"कधी सांगून गेल्या?"

"आत्ताच की. तुमी त्या कोपऱ्यावर दिसलात तवा हितनं पुढं गेल्या."

साधना इतकी हसली की शेजारच्या ओट्यावरचे लोक बघायला लागले. "अण्णा, चार वर्षं होत आली तरी आईची ऑर्डर चालू आहे!" हसता हसता तिने डोळे पुसले. मलाही वाटलं, म्हातारीच्या डोक्यात वर्षांची सरमिसळ झाली असेल. शालन गेल्याचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि भर बाजारात ते सांगायची माझी इच्छा नव्हती.

निघताना माझं लक्ष भेंडीच्या ढिगाकडे गेलं. पाव किलोभर भेंड्यांचे शेंडे मोडलेले होते. शालन प्रत्येक भेंडी शेंडा मोडून बघायची आणि कटकन मोडली नाही तर परत टाकायची. विक्रेत्यांच्या शिव्या खायची. अर्थात शेंडे बऱ्याच बायका मोडतात.

मी एक भेंडी उचलून पाहिली. मोडलेल्या जागी चीक अजून ओला होता.

२

पिंपळे सौदागरचा बाजार उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर भरतो. तिथे गिऱ्हाईक अर्ध्या चड्डीत, सोबत कुत्रा, आणि पालक घेतानाही इंग्रजी. इथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. आम्ही पूर्वी जायचो तो विक्रेता बदललेला होता. आता सिद्धेश नावाचा शिरूरकडचा तिशीतला शेतकरी बसला होता. ओट्यावर ब्रोकोली मांडलेली होती.

साधनाने पावटा मागितला. त्याने तराजूत टाकला आणि मग माझ्याकडे बघून थांबला.

"सर, एक मिनिट. तुम्ही ह्यांच्याबरोबर आहात?"

"हो."

"मग नाही देता येणार." तो हसत होता. "चष्मा दोरीला, खिशाला दोन पेनं. काकू सांगून गेल्या. म्हणाल्या, असे असे आमचे हे मागून येतील."

साधनाने माझ्या खिशाकडे पाहिलं. दोन पेनं होती. एक निळं, एक लाल. निवृत्तीनंतर लाल पेनाची गरज नसते हे मला मान्य आहे.

"कशा होत्या काकू?" तिने विचारलं.

"काय सांगू ताई. मास्क होता तोंडाला. अजून लावतात काही जण. साडी हिरवट होती. भेंडी शेंडे मोडून मोडून घेतली, मी बोललो पण त्यांना."

"आत्ता?"

"तुमच्या पुढंच. पाच मिनिटं झाली नसतील."

साधना पुढच्या ओट्यांकडे भराभर चालत गेली. मी तिच्या मागे. रस्ता संपला तिथे एक सुरक्षारक्षक खुर्चीत बसून शेंगा खात होता. परत येताना ती म्हणाली, "कोणीतरी थट्टा करतंय अण्णा."

मी रिक्षात बसून विचार केला. विक्रेते एकमेकांना ओळखतात, चिमाबाईने गंमत म्हणून पुढे सांगितलं असेल. किंवा शहरात पस्तीस लाख लोक आहेत, त्यात दोरीचा चष्मा आणि दोन पेनं असलेला दुसरा निवृत्त कारकून असणार. त्याची बायकोही त्याला ओळखून असणार. हे दुसरं स्पष्टीकरण मला फार आवडलं. मी ते साधनाला सांगितलं. ती रिक्षातून बाहेर बघत होती.

"अण्णा, आईची हिरवट साडी कुठे आहे?"

"कपाटात."

ती कपाटातच होती. घडी तशीच होती. तिने ती उलगडून पाहिली नाही, मीही नाही.

३

आता तो एप्रिल सांगणं भाग आहे.

ज्या इस्पितळात शालन होती त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांची काही चूक नव्हती. ते तीन दिवस झोपले नव्हते. मला तळमजल्यावर बोलावलं. एक लांब बोळ होता, त्याला पत्र्याची आडभिंत घातली होती, आणि पत्र्यापलीकडून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. थोडं थांबून परत. परत.

निळ्या प्लास्टिकच्या पोशाखातला माणूस बाहेर आला. त्याचेही फक्त डोळे दिसत होते. त्याने पॅडवर लावलेला कागद पुढे केला. कागद टाइप करून तयार होता. मी मृताचा चेहरा पाहिला असून ओळख पटली आहे, खाली सही. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती.

"काका, आत यायचंय का बघायला? एक मिनिट लागंल. सूट घालावा लागंल."

मी कागद वाचला. शब्द न् शब्द वाचला. वय चौसष्ट लिहिलं होतं. शालनला त्रेसष्ट पूर्ण होती. मी ते त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने खोडून दुरुस्त केलं, मी दुरुस्तीवर लहान सही केली. तारीख तपासली. वॉर्ड क्रमांक तपासला. चौतीस वर्षांत माझ्या हातून सदोष कागद पुढे गेला नव्हता.

मग फुलीवर सही केली आणि म्हणालो, "नको. असू दे."

घाई होती म्हणून नव्हे. मला भीती वाटली. पत्र्यापलीकडे पाच पावलांवर माझी बायको होती आणि मला तिची भीती वाटली. तो माणूस कागद घेऊन गेला. स्मशानात मी वीस हात लांब उभा होतो. ती पांढरी गुंडाळी कोणाचीही असू शकली असती.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. साधनाने विचारलं तेव्हा मी कागदावर होतं तेच सांगितलं.

४

गुरुवारी साधना म्हणाली, आपण बाजार भरायच्या आधी जाऊ.

ताथवड्याला आम्ही दोन वाजता पोचलो. मंडप रिकामा होता. पलीकडे नव्या इमारतींवर क्रेन फिरत होत्या आणि कॉलेजची पोरं चहाच्या गाडीवर उभी होती. एकच टेम्पो आला होता. त्यातून इंदुताई नावाची एक धिप्पाड बाई क्रेट उतरवत होती. भेंडीच्या क्रेटवर अजून ओलं गोणपाट होतं.

"मावशी, आम्ही पहिले ना?" साधना म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"पहिल्या कुठल्या? एक बाई येऊन गेल्या बी. मी म्हटलं, अवो दम धरा, माल तर उतरू द्या. न्हाई ऐकलं. टेम्पोतच हात घातला." तिने गोणपाट उचललं. वरच्या भेंड्यांचे शेंडे मोडलेले होते. "बघा ही नासधूस."

मग तिने आमच्याकडे नीट पाहिलं. आधी माझ्याकडे, मग साधनाकडे.

"तुमी त्यांच्यातलेच काय? विचारत व्हत्या."

"काय विचारत होत्या?" मी म्हणालो.

"पोरगी आली का, म्हनून."

क्रेनचा भोंगा वाजला. साधनाने टेम्पोच्या कडेला हात टेकला.

"तुम्ही काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"मला काय ठावं? म्हटलं, आली आसंल. तुमाला म्हाईत. तर म्हनल्या, मला कोन सांगतंय."

"चेहरा बघितलात का त्यांचा?"

"न्हाई बाई. मास्क व्हता. आन् त्या खालीच बघत व्हत्या सारख्या, लाजल्यावानी."

इंदुताईंनी आम्हाला भाजी देऊ केली. आम्हीच घेतली नाही.

५

त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी घरात फार शांतता होती. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. फ्रिज चालू झाल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत येतो, वरच्यांनी खुर्ची सरकवली तर तोही येतो. मी शुक्रवारी दुपारभर जिन्याकडे कान लावून बसलो होतो. जिन्यात चपला वाजल्या की उठायचो. भाजी घेतलेलं माणूस पिशवी घेऊन शेवटी कुठे जातं? घरी येतं. ती बाजारामागून बाजार फिरते आणि घरी का येत नाही, असा विचार माझ्या डोक्यात आला, आणि तो विचार मी शांतपणे करतो आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

जावक झालेला कागद आपोआप परत येत नाही, हेही मला माहीत होतं. जावक कोणी केली होती, तेही.

साधना फोनवर नवऱ्याशी, सुजितशी, बोलत होती. "नाही, मी आणखी थांबते... माहीत नाही किती... सुजित, मला तिला एकदा बघायचंय, बस." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. फोन ठेवून बाहेर आली.

"तो म्हणतो, डॉक्टरला दाखव."

"कोणाला?"

"आपल्या दोघांना." ती किंचित हसली. मग माझ्यासमोर खाली बसली, शालन शेंगा सोलायला बसायची तशी.

"अण्णा, मी परत विचारते. चिडू नका. तुम्ही चेहरा पाहिला होतात ना?"

"कितीदा सांगायचं?"

"एकदा. माझ्याकडे बघून."

मी तिच्याकडे बघून हो म्हणालो. लिहितानाही लाज वाटते की ते मला सहज जमलं.

"मग ती दुसरी कोणीतरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंय म्हणजे ती नसणार. उद्या चाकणला जाऊ, त्या बाईला गाठू, माफी मागू आणि हे संपवू."

तिला माझ्या शब्दावर टेकून उभं राहायचं होतं.

६

चाकणचा शनिवारचा बाजार म्हणजे बाकीच्या तिन्हींचा बाप. भोसरीहून बस पकडली. नाशिक रस्त्यावर नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांब ट्रक एकामागे एक उभे होते आणि आम्ही त्यांच्या मधून मुंगीच्या वेगाने पुढे सरकलो. पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. कांद्याच्या फोलपटांचा थर पायाखाली करकरत होता. ताडपत्र्यांच्या खाली रांगाच रांगा. शिफ्ट संपवून आलेले कामगार, गणवेशातच, मिरच्या निवडत होते.

साधनाने विचारायला सुरुवात केली. एका ओट्यावर कोंडीराम म्हणून एक म्हातारा आलं-लसूण घेऊन बसला होता. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

"भेंडीच्या रांगंला हायेत बघा," तो मला म्हणाला.

"कोण?"

"तुमच्या मंडळी. आत्ता हितनं गेल्या. हे काय, त्या निळ्या ताडपत्रीखाली."

चार दिवसांत पहिल्यांदाच ती निघून गेलेली नव्हती.

साधना धावली. मी माझ्या वयाला शोभेल इतकं धावलो. निळ्या ताडपत्रीखाली उजेड निळा होता, माणसांचे हात निळे दिसत होते. गर्दी होती, पण त्या रांगेच्या टोकाला जरा मोकळं होतं. तिथे एक बाई वाकून उभी होती. हिरवट साडी. मानेवर मास्कची दोरी. अंबाड्यातून सुटलेली एक बट, जी ती बोटाने कानामागे टाकायची आणि जी पुन्हा सुटायची.

ती भेंड्या बघत होती. टक. मग दुसरी. टक. एवढ्या गोंगाटात तो आवाज मला ऐकू आला.

साधना तिच्यापासून पाच पावलांवर थांबली.

"आई," ती म्हणाली.

हात थांबला. भेंडी बोटांत तशीच राहिली. मग त्या बाईने दुसरा हात कानाकडे नेला, मास्कची दोरी काढली आणि ती सावकाश वळू लागली.

मी मान खाली घातली.

मला जमिनीवर कांद्याची फोलपटं दिसली, माझ्या चपलेचा तुटत आलेला अंगठा दिसला. किती वेळ गेला सांगता येत नाही. वर पाहिलं तेव्हा तिथे मोकळी जागा होती आणि विक्रेता भेंड्या सारख्या करत होता. साधना माझ्याकडे पाठ करून उभी होती.

७

बसस्थानकाजवळच्या रसवंतीत आम्ही बसलो. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. साधनाने ग्लास पुढे ओढला, पण प्यायला नाही. तिने ओढणी नाकातोंडावरून घेतली होती. धूळ फार आहे, म्हणाली.

"तू पाहिलंस?" मी विचारलं.

"हो."

"कोण होतं?"

चरकातून ऊस दोनदा गेला.

"अण्णा, तुम्ही माझ्या मागेच होतात. तुम्ही का नाही पाहिलंत?"

"मी..."

"तुम्ही मान खाली घातलीत. मी बघितलं नाही, पण तिने बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तुमच्याकडे बघत होती."

मी तेव्हा सगळं सांगून टाकलं. पत्र्याची आडभिंत, पेन्सिलीची फुली, त्रेसष्टचं वय. सांगायला तीन-चार मिनिटं लागली. पावणेचार वर्षं लपवलेल्या गोष्टीला तीन-चार मिनिटं म्हणजे फारच कमी.

ओढणीच्या वर तिचे डोळे कोरडे होते.

"वय दुरुस्त केलंत," ती म्हणाली.

"हो."

"मला तेव्हा नाही म्हणाला असतात, तर विमानं सुरू होताच मी आले असते. भांडले असते. कोणाकोणाला विचारलं असतं, शोधलं असतं. मी घरी बसले, कारण तुम्ही पाहिलं होतं."

"साधना, कोण होतं तिथे?"

"नाही सांगणार," ती म्हणाली. रागाने नव्हे, थकून. "तुम्हाला दोनदा संधी होती."

८

रविवारी तिने तिकीट बदललं. दिवसभर ती आतल्या खोलीत होती, जेवणही तिथेच नेलं. चाकणच्या धुळीने घसा धरलाय म्हणून मास्क लावून होती. दाराबाहेरून मी दोन-तीनदा विचारलं, काही हवंय का. आतून "नको अण्णा" आलं. आवाज बसलेला होता.

सोमवारी पहाटे विमानतळावर सोडायला गेलो. दारावरच्या जवानाने तिला मास्क खाली करायला लावला, पासपोर्टवरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला आणि मान हलवली. मी त्या वेळी ट्रॉलीचं अडकलेलं चाक सोडवत होतो. उठलो तेव्हा ती काचेपलीकडे होती. तिने हात केला.

तिथून मी थेट महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात, ते उघडायच्या वेळी, अर्ज घेऊन गेलो. अर्ज रात्रीच लिहिला होता. दिनांक अमुक रोजी मी 'चेहरा पाहिला असून ओळख पटली आहे' असे जे लिहून दिले आहे ते खरे नाही, सबब ते विधान मी मागे घेत आहे, तशी नोंद व्हावी.

टेबलावर आम्रपाली नावाची तिशीतली लिपिक होती. तिने अर्ज दोनदा वाचला.

"काका, म्हणजे मावशी मयत नाहीत असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही."

"मग मयत आहेत?"

"मी पाहिलं नाही, एवढंच म्हणायचंय."

तिने पेन खाली ठेवलं. "याला आमच्याकडे रकाना नाही हो. वरिष्ठांना विचारावं लागेल." मग हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या आजोबांच्या वेळी आम्हालाही दाखवलं नव्हतं. बाबा म्हणतात, बरं झालं."

"तुम्हाला काय वाटतं?"

तिने अर्जावर शिक्का मारून आवक क्रमांक लिहून दिला. अक्षर सुरेख होतं.

९

मंगळवारी मी एकटाच निगडीच्या बाजारात गेलो. मी या वेळी बघायचं ठरवलं होतं. चष्मा पुसून घेतला होता.

"बाई आल्या होत्या का?" मी चिमाबाईंना विचारलं.

"आल्या व्हत्या की. आज दोघी व्हत्या."

"दोघी?"

"बाई आन् तुमची पोरगी. त्या दिशी हसत व्हती ती. आज लई गप व्हती."

"तिचं विमान काल गेलं चिमाबाई."

"मंग दुसरी कोन आसंल," त्या म्हणाल्या, आणि जुडी बांधायला लागल्या. "दोघींच्या बी तोंडाला मास्क व्हता. मला काय कळतंय?"

ओट्यावर शेंडे मोडलेल्या भेंडीचे दोन ढीग होते. मी कुठलाही उचलला नाही.

घरी येऊन सात वाजता सुजितला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा. तो कॅमेऱ्यावर आला, अर्धवट झोपेत.

"पोचली ना साधना?"

"हो अण्णा, रात्री पोचली. फार दमलेली होती. काही बोललीच नाही, तशीच झोपली."

"आता कुठे आहे?"

"ही काय." त्याने फोन वळवला. अंधारी खोली, खिडकीबाहेर बर्फाचा पांढरट उजेड. पलंगावर एक आकार होता. पांढरी रजई डोक्यावरून पायापर्यंत ओढून घेतलेली. "थंडी वाजते म्हणाली. उठवू का? थांबा, रजई बाजूला करतो."

त्याचा हात रजईकडे जाताना मला दिसला.

"नको," मी म्हणालो. "असू दे. झोपू दे तिला."

त्यानंतर साधनाचे फोन येतात, रविवारी. आवाज तिचा आहे, थोडा बसलेला. कॅमेरा ती लावत नाही. मी लाव म्हणत नाही. गेल्या रविवारी तिने विचारलं की मंगळवारी निगडीला जाता का. मी म्हणालो, पाय दुखतात.

दर सोमवारी मी कार्यालयात जातो. आम्रपाली खुर्ची देते, चहा विचारते. माझा अर्ज वरिष्ठांकडून अभिप्रायासाठी दुसऱ्या शाखेकडे गेला, तिथून 'मार्गदर्शन व्हावे' असा शेरा होऊन परत आला आणि पुन्हा वर पाठवण्यात आला आहे. दाखल करून आज एक्केचाळीस दिवस झाले. अर्ज प्रलंबित आहे.